दुपारी अडीचची आर्द्रता

शेवंतीला दिवसा वीस ते अठ्ठावीस अंश तापमान लागतं, रात्री पंधरा ते अठरा, आणि हवेत साठ ते सत्तर टक्के आर्द्रता. माझ्या लग्नाची तारीख मला अजूनही बायकोला विचारावी लागते, पण हे आकडे कधीही विचारा. पुस्तकात पुढे असंही लिहिलेलं असतं की शेवंती हे काटक झाड आहे, बागेत कुठेही येतं. पुस्तक लिहिणाऱ्या गृहस्थांनी मे महिन्यातली एक दुपार पांढरकवड्याला काढलेली नसावी. तिथे त्या दिवसांत पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, आणि आर्द्रता जून उजाडेपर्यंत माहेरी गेलेली असते.

माझी सगळी नोकरी सरकारी रोपवाटिकांमध्ये गेली. सुरुवातीची वर्षं पांढरकवड्याच्या बाहेर, हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. या अंकाच्या संपादकांनी पत्र पाठवून कळवलं की शेतकऱ्यांसाठी केलेल्या कामाचे हृद्य अनुभव लिहून द्यावेत. हृद्य अनुभव माझे सहकारी देतील. त्यांच्याकडे ते भरपूर आहेत, सोबत फोटोही आहेत. माझ्याजवळ सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती शाईच्या बाटलीच्या टोपणाची आहे.

आधी मी कुठला ते सांगतो, नाहीतर माझा मूर्खपणा नीट कळायचा नाही. माझे वडील आर्णीला जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीवर कामाला होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. आई दुसऱ्यांच्या वावरात वेचणीला जायची. आमच्या घरात लिहिलेल्या शब्दाला फार मान होता, कारण तो माझ्याशिवाय कुणालाच वाचता येत नव्हता. रेशनकार्ड, माझे शाळेचे निकाल, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, सगळं आई एका पत्र्याच्या डब्यात देवाजवळ ठेवायची. गावातल्या मास्तरांनी वह्या पुरवल्या, वसतिगृहानं जेवू घातलं, आणि मी अकोल्याला जाऊन कृषीचा पदवीधर झालो. या सगळ्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. नेमणुकीचा कागद घरी आला तेव्हा वडिलांनी आधी हात धुतले, मग तो हातात घेतला. उलटा धरला होता, पण मी बोललो नाही. ते एवढंच म्हणाले, "बाबू, सरकारी कागदावर खोटं लिवू नको."

मी शब्द दिला. तो शेवटपर्यंत पाळला, हीच या गोष्टीतली अडचण आहे.

रोपवाटिकेचं काम बाहेरच्याला वाटतं तितकं फुलाफुलांचं नसतं. माती चाळायची, शेणखत मिसळायचं, काळ्या पिशव्या भरायच्या, बी टाकायचं, कलमं बांधायची, पाणी द्यायचं, आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं. शेवटचं काम सगळ्यांत जड. महामार्गावरच्या एका धाब्याचे उत्तरेच्या डोंगराकडून आलेले मालक दर उन्हाळ्यात सफरचंदाचं झाड मागायला यायचे. त्यांच्या मुलखात येतं, मग इथे का नाही? मी म्हणायचो, त्याला थंडी लागते. ते म्हणायचे, मग बुडाशी बर्फाची लादी टाकू, आपल्याकडे रोज येते. एक ट्रक ड्रायव्हर केबिनमध्ये ठेवायला झाड मागत होता, नागपूरपासून हैदराबादपर्यंतची सगळी हवा सोसेल असं. त्याला मी निवडुंग दिला. पुढच्या फेरीला त्यानं थांबून सांगितलं की झाड मजेत आहे, क्लीनरला मात्र दोनदा टोचलं. या लोकांना मी मनातून हसायचो. झाडाला लागणारी हवा आणि आपल्याकडे असलेली हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंही त्यांना कळत नाही म्हणून.

माझ्या हाताखाली गफूरचाचा होते. पदानं माळी, वयानं वडिलांच्या बरोबरीचे. झाडाच्या पानाला बोटांची मागची बाजू लावून ते पाणी हवं की नको ते सांगायचे. मी त्यांना त्यामागचं शास्त्र समजावून सांगायचो. ते ऐकून घ्यायचे. पगारात तेही धरलेलं असावं अशी त्यांची समजूत होती.

रोपवाटिकेच्या मधोमध चार पायांवर उभी असलेली पांढरी झडपांची पेटी होती. आत दोन तापमापी. एक साधा. दुसऱ्याच्या टोकाला मलमलीचं फडकं गुंडाळलेलं आणि त्या फडक्याची वात खाली पाण्याच्या लहानशा भांड्यात सोडलेली. माठातलं पाणी जसं गार होतं तसाच हा प्रकार. फडक्यातलं पाणी उडून जातं, जाताना गारवा देतं, म्हणून ओल्या तापमापीचा पारा साध्यापेक्षा खाली उतरतो. हवा जितकी कोरडी तितका दोघांतला फरक मोठा. हवेतच पाणी ठासून भरलेलं असेल, कोकणातल्या पावसाळ्यासारखं, तर फडक्यातलं काहीच उडत नाही आणि दोन्ही पारे एका रेषेवर राहतात. मग तक्त्यात पाहायचं. फरक शून्य, आर्द्रता शंभर टक्के. बस, इतकंच आहे ते.

सकाळी साडेसातला आणि दुपारी अडीचला मी ही नोंद घ्यायचो. रजिस्टरच्या पानावर शेवटून दुसरा रकाना शेऱ्याचा होता आणि शेवटचा 'तपासले' असा. तिथे वरिष्ठ भेटीला आले की सही करायचे.

एका फेब्रुवारीत पाण्याचं ते भांडं फुटलं. माझ्याच हातून. नव्या भांड्यासाठी मी तीन प्रतींत मागणी पाठवली. ती अजूनही विचाराधीन असेल. काम अडू नये म्हणून भांड्याच्या जागी मी शाईच्या बाटलीचं टोपण ठेवलं. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत 'भांड्यात रोज सकाळी स्वच्छ पाणी भरावे' असं लिहिलं होतं. मी रोज सकाळी टोपणात स्वच्छ पाणी भरायचो.

ती वर्षं कापसाच्या संकटाची होती. आमच्या जिल्ह्याचं नाव तेव्हा देशभर पोहोचलं होतं. कशामुळे ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ते मी इथे लिहिणार नाही. ते लिहून पुष्कळांची पुष्कळ सोय झालेली आहे. आम्ही पाहिली ती पथकं. जिपा यायच्या, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या उतरायच्या. प्रत्येक पथक एकच प्रश्न विचारायचं, कापसाला पर्याय काय? आणि उत्तर सोबत घेऊनच यायचं. एक पथक कोरफड सांगून गेलं. एक सफेद मुसळी. एकानं मधमाश्यांच्या पेट्या वाटल्या. माश्यांनी आठवडाभर परिस्थितीचा अभ्यास केला आणि निघून गेल्या. एका बाईंनी सुचवलं की इथल्या लोकांनी रोज सकाळी दीर्घ श्वसन करावं. समोर बसलेला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "बाई, श्वासच तं घेऊन राह्यलो. तेवढंच जमते." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

आमच्या जिल्ह्याच्या साहेबांचा पर्याय होता फुलं. माणूस वाईट नव्हता. पश्चिमेकडून बदलून आलेले, कडक इस्त्रीचे, वक्तशीर. त्यांच्या मुलखात त्यांनी शेवंतीची रानंच्या रानं पाहिली होती आणि आमच्याकडे पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, पाहून त्यांना वाईट वाटायचं. त्यांचा एकाच गोष्टीवर विश्वास होता, सरासरीवर. मी बैठकीत चाचरत म्हणालो, साहेब, मेमध्ये सेहेचाळीस होतं. त्यांनी विचारलं, डिसेंबरात? दहा. मग काढा सरासरी. मी कागदावर बेरीज करून दोनानं भागलं. अठ्ठावीस.

"बघा, बसतं पुस्तकात," साहेब म्हणाले. "आता आर्द्रता पाठवा."

मार्च आणि एप्रिलचे आकडे मी पाठवले. सकाळची आर्द्रता चाळिसाच्या आसपास, दुपारची शंभर. सरासरी सत्तर. साहेबांचा फोन आला. इतका आनंद त्यांच्या आवाजात मी कधी ऐकला नव्हता. अहो, पुस्तकातून उतरवून घेतल्यासारखी आलीय, म्हणाले.

भर एप्रिलच्या दुपारी अडीच वाजता शंभर टक्के. आज आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात. मी त्या पेटीसमोर उभा असायचो, ओठ फुटलेले, डोक्याला ओला दुपट्टा. तो नळापासून पेटीपर्यंत येईस्तोवर वाळलेला असायचा. आणि मी टोकदार पेन्सिलीनं लिहायचो, शंभर. शंका आली नाही असं नाही. पण कॉलेजात शिकवलं होतं की निरीक्षकानं स्वतःचं मत आकड्यात मिसळू नये. मी मिसळलं नाही. अंगाला लागणाऱ्या हवेपेक्षा तक्त्यावर जास्त विश्वास ठेवायला पदवी लागते. गफूरचाचांना ते जमलं नसतं.

योजना मंजूर झाली. विहीर असलेले चाळीस शेतकरी, प्रत्येकी दहा गुंठे शेवंती. मुकुटबनकडची यादी माझ्याकडे होती आणि यादीत पहिलं नाव वच्छलाबाईचं होतं, कारण पहिलं नाव बाईचं असावं अशी सूचना होती.

मुकुटबनच्या अलीकडे एका खेड्यात तिचं घर. नवरा देवराव कापूस आणि तूर पाहायचा. माणूस बोलायला कमी. त्यांच्या शेतात काय पेरायचं ते देवराव, बाजारभाव आणि पाऊस असे तिघं मिळून ठरवायचे. विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत मात्र वच्छलाबाई ठरवायची. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर. उन्हाळ्यात अख्ख्या शिवारात हिरवं दिसायचं ते तेवढंच. बाजाराच्या दिवशी ती टोपली घेऊन मुकुटबनला जाऊन बसायची, आणि त्या दिवशी तिला घरात कुणी काही विचारायचं नाही. तिच्या हातची वांग्याची भाजी मी दोनदा खाल्ली होती.

मी तक्ता उघडून तिला योजना समजावली. ती पदर खोचून उभ्यानं ऐकत होती.

"शेवंती आमच्याही अंगणात व्हती, साहेब," ती म्हणाली. "हिवाळ्यात लय फुलते. ऊन लागलं का माना टाकते."

मी म्हणालो, काकू, यंदा हवेची आर्द्रता चांगली आहे, सत्तर टक्के. ती म्हणजे काय, तिनं विचारलं. म्हणजे हवेत ओल आहे, मी सांगितलं.

तिनं आभाळाकडे पाहिलं. मग अंगणातल्या दोरीकडे. मी आल्यावर तिनं तिथे लुगडं वाळत घातलं होतं, आणि ते आता कोरडं होऊन फडफडत होतं. मग माझ्याकडे.

"तुमी शिकेल मानूस," ती म्हणाली. "तुमाले दिसत असन."

मला तेव्हा ते कौतुक वाटलं. रोपं यायच्या आधी जमीन रिकामी हवी, असं परिपत्रकात होतं. वांग्याची झाडं भरात होती, पावसापर्यंत देत राहिली असती. ती म्हणाली, येत्या बाजाराचा तोडा होऊ द्या, मग उपटून टाकीन. बाजार आठवड्यावर होता.

त्यानंतर दोनच दिवसांनी मी दुपारची नोंद घेत होतो. चाचा पेटीच्या सावलीत तंबाखू मळत बसले होते. त्यांनी सहज विचारलं, साहेब, ये रोज शंभर लिखते, शंभर मतलब क्या? मी सांगितलं, हवेत मावेल तेवढं सगळं पाणी. त्याहून थेंबभर जास्त झालं तर बाहेरच सांडायचं.

चाचांनी चुन्याची डबी उघडून माझ्यापुढे धरली. आतला चुना सुकून त्याला भेगा पडल्या होत्या.

"सकाळपासून दोन बार पानी टाकलं," ते म्हणाले. "हवेत इतकं पानी हाय, तं माह्या चुन्याले काहून नाई भेटत?"

मी हसलो आणि शास्त्र सांगायला लागलो. अर्ध्या वाक्यात थांबलो. पेटीत वाकून पाहिलं. टोपण ठणठणीत कोरडं होतं, तळाला जुन्या शाईचा निळा डाग. फडकं पापडासारखं कडक झालं होतं. ओला तापमापी ओला नव्हताच. दोन साधे तापमापी शेजारी शेजारी उभे राहून एकच आकडा सांगत होते. हवा इतकी कोरडी होती की सकाळचं टोपणभर पाणी दुपारच्या आत पिऊन टाकायची, आणि त्या पराक्रमाबद्दल मी तिला शंभर टक्के द्यायचो. ती जितकी कोरडी, तितकं माझं रजिस्टर दमट.

मी टोपण भरलं, फडकं भिजवलं आणि थांबलो. पारा उतरायला लागला तो थांबेचना. तक्त्यात पाहिलं. नऊ टक्के.

"अब कितना?" चाचांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डबी बंद केली. "चुना बराबर बोलून राह्यला व्हता मंग."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी यवतमाळला गेलो. साहेबांच्या खोलीत कूलर जोरात चालू होता आणि खोली छान गार होती. हवा कोरडी असल्याशिवाय कूलर असा गार करत नाही, हे मी बोलून दाखवलं नाही. टोपणाची सगळी हकिकत मात्र सांगितली. साहेबांनी मध्ये न बोलता ऐकली.

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

मी म्हणालो, माळ्याला.

"माळी अहवाल वाचतो का?"

नाही, मी म्हणालो.

"मग झालं तर. हे बघा, आकडा वर गेलेला आहे. आता तो आपला राहिलेला नाही." त्यांनी समोरचा कागद सरळ केला. "तुम्ही अजून परिवीक्षेवर आहात ना? नोकरीत कायम कधी होताय?"

जूनमध्ये, साहेब.

"छान. तेवढं यंत्र नीट करून घ्या."

साहेबांनी मला धमकी दिली असं मी म्हणणार नाही. त्यांनी आपुलकीनं चौकशी केली आणि चहा मागवला. चहा मी प्यायलो. साखर जास्त होती.

परतीच्या एसटीत वडिलांचं वाक्य डोक्यात घोळत होतं. रोपवाटिकेत पोहोचलो तो थेट रजिस्टर उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात, जागा पुरेना म्हणून खालच्या समासात जाऊन, लिहिलं: 'टोपणातील पाणी दुपारपूर्वीच संपत असल्याने मार्च व एप्रिल महिन्यांतील दुपारच्या आर्द्रतेच्या सर्व नोंदी चुकीच्या आहेत. प्रत्यक्ष आर्द्रता अत्यंत कमी आहे. सदर नोंदींवर विसंबून कोणताही निर्णय घेऊ नये.' खाली सही, तारीख. पेन्सिलीनं नाही, शाईनं. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं. पुन्हा वाचून पाहिलं तेव्हा माझा ऊर भरून आला. साहेबांना न घाबरता मी सरकारी कागदावर खरं लिहिलं होतं.

चाचा दारात उभे होते. त्यांनी विचारलं, उस बाई को बोलने कब जाते? मी म्हणालो, चाचा, रजिस्टरला नोंद केली आहे. मग बाहेर जाऊन त्यांनी चुन्यात पाणी घातलं.

मुकुटबन आमच्यापासून मोटारसायकलनं तासाभराचं. मोटारसायकल दारात उभी होती. वांगी उपटायला अजून चार दिवस होते. मी गेलो नाही. गेलो असतो तर ती चार लोकांना बोलली असती, चार लोक साहेबांना बोलले असते, आणि जून जवळ आला होता. हे मी तेव्हा स्वतःला असं स्पष्ट सांगितलं नव्हतं. स्वतःला मी सांगितलं की नोंद झालेली आहे, आता जे व्हायचं ते रीतसर होईल.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ट्रक आला. शेवंतीच्या काश्या, म्हणजे जुन्या झाडाच्या मुळाशी फुटणारे कोंब, ट्रेमध्ये लावून दूरवरून आणल्या होत्या. निघाल्या तेव्हा हिरव्या असाव्यात. साहेब आले, फोटो झाले. फोटोत वच्छलाबाईच्या हातात ट्रे आहे आणि मी तिच्यामागे उभा आहे, हसतोय. मागे तिचे दहा गुंठे दिसतात, नांगरून स्वच्छ केलेले.

काटक झाड उन्हानं कसं मरतं ते मी त्या महिन्यात शिकलो. आधी पानांच्या कडा वरच्या बाजूला वळतात, द्रोणासारख्या. मग कडा तपकिरी होतात आणि दाबल्या की कुरकुरतात. पाणी देत राहिलं तर मूळ काही दिवस जिवंत राहतं, वरून फूट काढतं, आणि ती फूट दुसऱ्या दुपारी जळते. उष्ण, कोरडी हवा पानातून पाणी ज्या वेगानं ओढते, त्या वेगानं लहान मुळाला ते वर पाठवता येत नाही. बुडाशी चिखल आणि शेंड्याला आग. माझ्या यादीतल्या बहुतेकांनी आठवडाभरात नाद सोडला आणि ट्रे घरात वापरायला घेतले. वच्छलाबाईनं सोडला नाही. तिनं पऱ्हाट्या रोवून वर जुनी लुगडी बांधली. दुपारी दोनदा लुगड्यांवर पाणी शिंपडलं. विहीर तळाला गेली, तेव्हा घागरीनं हापशीवरून आणलं. तिला सांगितलं होतं ना, हवेत ओल आहे, फक्त उन्हापासून जपा.

महिनाअखेर अहवालासाठी मी तिथे गेलो. लुगड्यांच्या मांडवाखाली तपकिरी काड्यांच्या सरळ ओळी होत्या. ओळी फार नीट लावल्या होत्या. देवराव बैलांना घेऊन वखराला गेला होता. ती बांधावर बसली होती, तळवे फुटलेले. मी उभाच राहिलो.

"हवेत ओल हाय म्हनलं व्हतं तुमी," ती म्हणाली. रागानं नाही, खरंच विचारत होती. बहुधा आपलंच काही चुकलं असं तिला वाटत होतं.

तेवढं मात्र मला सहन झालं नाही. मी सगळं सांगितलं. टोपण, वात, शंभर, नऊ. तिनं टोपणाचा आकार विचारला. मी बोटांनी दाखवला.

"तुमाले कवा समजलं हे?"

"तुम्ही वांगी उपटायच्या आधी. पाच दिवस आधी."

"मंग?"

"मी लगेच लिहून ठेवलं, काकू. रजिस्टरमध्ये. खरं तेच लिहिलं."

तिनं जवळची एक काडी उपटून हातात घेतली. मग म्हणाली, "मले कोनतं रजिस्टर वाचता येते, साहेब?"

माझी आई तिच्याच वयाची होती. तिलाही वाचता येत नव्हतं. तिला काही सांगायचं असलं तर मी सांगायचो. लिहून डब्यात ठेवत नव्हतो. हे मला तिथे बांधावर उभं असताना सुचलं, इतक्या वर्षांच्या शिक्षणानंतर.

जूनमध्ये मी कायम झालो. वडिलांनी आर्णीला जिनिंगभर पेढे वाटले. योजनेचा अहवाल गेला, त्यात 'प्रतिकूल हवामानातही शेतकऱ्यांचा उत्साह' असं वाक्य होतं. हवामान प्रतिकूल असल्याचं तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. त्याच महिन्यात साहेब रोपवाटिकेत तपासणीला आले. रजिस्टर मी स्वतः पुढे ठेवलं, शेऱ्याचं पान वर येईल असं. त्यांनी सह्या केल्या आणि गेले. पुढच्या वर्षी ते बढतीवर गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या साहेबांचा विश्वास बांबूवर होता. गफूरचाचा निवृत्त झाले तेव्हा मी त्यांना शाल दिली. त्यांनी मला चुन्याची ती डबी दिली. आणि मी? दुपारी साडेबाराला टोपणात पुन्हा पाणी घालायला लागलो. त्या पेटीतले आकडे पुढे मी तिथे असेपर्यंत अचूक आले. ते कुणी मागितले नाहीत.

निवृत्तीच्या वर्षी पुन्हा त्याच रोपवाटिकेत होतो. जुनी दप्तरं रद्दीत काढायचा हुकूम आला. ढिगाऱ्यात ते रजिस्टर सापडलं. इतकी वर्षं मला उत्सुकता होती की साहेबांनी तो शेरा वाचून दुर्लक्ष केलं की वाचलाच नाही. पान उघडलं. शेरा तसाच होता, समासापर्यंत गेलेला, अक्षर सुंदर. 'सदर नोंदींवर विसंबून कोणताही निर्णय घेऊ नये.' आणि शेजारच्या रकान्यात हिरव्या शाईनं: 'तपासले. बरोबर आहे.' खाली सही.

ते पान मी फाडून खिशात घातलं. नोकरीतला माझा एकमेव गुन्हा.

वच्छलाबाई अजून आहे. देवराव गेला, शेत मुलगा पाहतो, विहिरीजवळचे दहा गुंठे ती. मी गेलो तेव्हा ती वाळलेली वांगी फोडून बी काढत होती. तिनं मला ओळखलं, पाणी दिलं. मी तिला म्हणालो, काकू, तेव्हा जे लिहिलं होतं ते वाचून दाखवायला आलोय. तिनं हात थांबवले नाहीत, पण ऐकलं. मी शेरा वाचला. मग साहेबांचा शेराही वाचला. तिनं अजून एकदा वाचायला लावलं, मी वाचला.

"बराबर लिवलं व्हतं तुमी," ती म्हणाली. आणि कागदासाठी हात पुढे केला.

मी दिला. तिनं तो दोन्ही बाजूंनी पाहिला, गुडघ्यावर ठेवून तळव्यानं सरळ केला, त्यावर मूठभर बी ओतलं आणि चारी कडा आत दुमडून पुडी बांधली. ती माझ्या हातात ठेवली.

"दारात लावा," ती म्हणाली. "आन् सकाळी पानी देल्लं म्हून बसून राहू नका. दुपारी जाऊन पाहत जा."